गोचीड ताप आणि कुत्र्याची प्रतिकारशक्ती: नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा तापला की आणि पुन्हा गणपतीनंतर दवाखान्यात तीच तक्रार येऊ लागते: दोन दिवस खात नाही, अंग गरम आहे, हिरड्या पांढऱ्या पडल्यात. कुत्रा कॉलेज रोडच्या फ्लॅटमधला लॅब्रॅडॉर असो की दिंडोरीच्या द्राक्षबागेतला राखणीचा, रिपोर्टवर नावं तीच. पालकांचे प्रश्नही ठरलेले, आणि त्यातले निम्मे ‘इम्युनिटी’वर येऊन थांबतात. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते वजन, रिपोर्ट आणि समोरचा कुत्रा बघूनच ठरतात.

गोचीड ताप म्हणजे नेमका कोणता आजार?

एकच आजार नाही. आपल्याकडच्या तपकिरी गोचिडीतून कुत्र्याला किमान चार वेगळे जंतू मिळू शकतात. एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू पांढऱ्या पेशींपैकी मोनोसाइटमध्ये राहतो. तो पहिल्यांदा १९३५ मध्ये अल्जीरियात नोंदवला गेला. बाबेसिया हा एकपेशीय परजीवी तांबड्या पेशींत शिरतो. त्याची आपल्याकडची जास्त त्रासदायक जात म्हणजे बाबेसिया गिब्सोनी, आणि तिची पहिली नोंद भारतातलीच आहे: १९१० मध्ये मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात आणि नंतर कोल्ह्यात. तिसरा हेपॅटोझून. हा गोचीड चावून नव्हे, तर कुत्र्यानं अंग चावताना गोचीड गिळली की होतो. चौथा ॲनाप्लाझ्मा प्लॅटिस, जो थेट प्लेटलेट्समध्येच घर करतो.

एकाच गोचिडीत एकापेक्षा जास्त जंतू असू शकतात. म्हणून ‘टिक फीवर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोणता ते विचारा, कारण एर्लिकियाचं औषध बाबेसियाला पुरत नाही.

माझ्या कुत्र्याची इम्युनिटी कमी होती म्हणून झाला का?

बहुतेक वेळा नाही. चांगलं खाणारे, लसीकरण पूर्ण झालेले, ऐन तारुण्यातले कुत्रे रोज यात सापडतात.

शरीरात शिरलेल्या जंतूला पांढरी पेशी गिळते आणि पोटात पाचक रस सोडून संपवते, ही नेहमीची पद्धत. एर्लिकिया नेमका त्याच पेशीत शिरतो आणि पाचक रसाची पिशवी आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. बहुतेक जिवाणूंच्या अंगावर असे काही घटक असतात, जे दिसताच शरीर सावध होतं. एर्लिकियाकडे त्यातले महत्त्वाचे घटकच नाहीत. शिवाय ज्या पेशीत तो राहतो, तिची ‘माझ्या आत कोणी आहे’ असं इतर पेशींना सांगायची क्षमताही तो कमी करतो.

यावर शरीर अँटीबॉडी बनवतं, आणि भरमसाट बनवतं. पण अँटीबॉडी पेशीबाहेरच्या जंतूवर चालते. चोर घरात शिरून आतून कडी लावून बसला, तर रस्त्यावरचा बंदोबस्त कितीही वाढवा, उपयोग काय? इथे खरं काम टी-पेशींचं. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचा संदेश सोडतात आणि त्यामुळे जंतू पोटात घेऊन बसलेली पेशी स्वतःच त्याला मारायला सक्षम होते. ज्या कुत्र्यात ही पेशींची बाजू लवकर जागी होते, तो बऱ्याचदा निभावतो. ज्याच्यात नुसत्या अँटीबॉडीच वाढत राहतात, त्याला त्या अँटीबॉडीच पुढे छळतात.

म्हणजे प्रतिकारशक्ती कमी की जास्त, हा प्रश्नच इथे अपुरा आहे. कोणत्या प्रकारची, हे बघावं लागतं.

जास्त अँटीबॉडीमुळे त्रास कसा होईल? त्या तर चांगल्या ना?

जुनाट एर्लिकियात रक्तातलं ग्लोब्युलिन वाढतं आणि अल्ब्युमिन घसरतं. ही दोन्ही रक्तातली प्रथिनं. हे ग्लोब्युलिन म्हणजे बहुतांशी अँटीबॉडीच, आणि त्यातल्या बऱ्याच जंतूच्या काही कामाच्या नसतात. त्या जंतूच्या तुकड्यांना चिकटतात आणि असे गठ्ठे मूत्रपिंडाच्या गाळण्यांत, डोळ्यांच्या नाजूक पडद्यांत, सांध्यांत अडकतात. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, डोळा निळसर किंवा लाल होतो, कुत्रा आज या पायानं तर उद्या त्या पायानं लंगडतो. कधी कधी रक्त इतकं दाट होतं की डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तस्राव होतो. काही थोड्या कुत्र्यांत तर एकाच प्रकारची अँटीबॉडी एवढी वाढते की रिपोर्ट रक्ताच्या कॅन्सरसारखा दिसतो. असा रिपोर्ट हातात आला तर धीर सोडण्याआधी एर्लिकियाची तपासणी करून घ्या.

प्लेटलेट्स एवढ्या का घसरतात?

निरोगी कुत्र्यात साधारण दोन ते पाच लाख असतात. एर्लिकियाच्या पहिल्या आठवड्यांत त्या तयार होत असतात, पण टिकत नाहीत. रक्तवाहिन्यांच्या सुजेमुळे वापरल्या जातात, सुजलेल्या प्लीहेत अडकून पडतात, आणि शरीर आपल्याच प्लेटलेट्सवर अँटीबॉडी चिकटवून त्या नष्ट करतं. जुनाट अवस्थेतलं कारण वेगळं आहे: तिथे हाडातली रक्त बनवणारी मज्जाच थकते. तेव्हा प्लेटलेट्सबरोबर तांबड्या आणि पांढऱ्या पेशीही घसरतात. अशा कुत्र्याची अवस्था खरोखर कठीण असते.

एक सूचना. कुत्र्याच्या प्लेटलेट्स नळीत गुठळ्या करतात आणि मशीन त्या मोजत नाही. आकडा एकदम वीस हजार आला आणि कुत्रा उड्या मारतोय, तर काचपट्टीवर (रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली) डोळ्यांनी बघून खात्री करून घ्या. माणसांच्या लॅबमध्ये सॅम्पल दिलं असेल तर नक्कीच.

पोटावर जांभळे ठिपके, शेणासारखी काळी शी, किंवा घोळणा फुटून नाकातून रक्त येत असेल, तर मात्र आकड्याची वाट न बघता निघा.

पपईच्या पानांचा रस, गुळवेल, इम्युनिटी सिरप द्यावं का?

हा प्रश्न डेंग्यूमुळे आला आहे. घरात कोणाला डेंग्यू झाला तेव्हा पपईची पानं आणली होती, मग कुत्र्याला का नको? वर सांगितलं तसं, इथे प्लेटलेट्स घसरण्याचं मूळ एर्लिकिया आहे. तो मेला की बऱ्याचदा आठवड्या-दोन आठवड्यांत प्लेटलेट्स आपोआप वर येतात, आणि श्रेय पानांना मिळतं. रस कडू असतो, आधीच न खाणारा कुत्रा त्यानं ओकतो, आणि ओकारीत एर्लिकियावरची डॉक्सीसायक्लिनची गोळीही बाहेर पडते. आमचा आक्षेप मुख्यतः या ओकारीला आहे.

इम्युनिटी सिरपबद्दल एवढंच: ज्या आजारात अर्धं नुकसान शरीराच्याच भरकटलेल्या प्रतिसादानं होतं, तिथे ‘प्रतिकार वाढवा’ हा सल्ला नीट विचार केलेला नाही. ते पैसे पुन्हा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायला ठेवा.

कार्ड टेस्टमध्ये अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली, पण कुत्रा ठणठणीत आहे. औषध सुरू करू?

लगेच नको. अँटीबॉडी म्हणजे जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढाच पुरावा. आजार बरा झाल्यावरही त्या अनेक महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. पण कुत्रा ठणठणीत दिसतो म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवणंही बरोबर नाही, कारण एर्लिकियाची एक छुपी अवस्था असते. जंतू प्लीहेत शांत बसतो, कुत्रा खातो-पितो-खेळतो, आणि महिने किंवा वर्षं गेल्यावर जुनाट आजार उघडा पडतो. अशा वेळी सीबीसी, ग्लोब्युलिन आणि लघवीतली प्रथिनं बघायची. त्यात काही खटकलं तर पीसीआर, म्हणजे रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी. सगळं नीट असेल तर काही आठवड्यांनी फेरतपासणी पुरते.

याच कारणानं, औषधाचा कोर्स झाल्यावर ‘निगेटिव्ह झालं का’ बघायला पुन्हा तीच कार्ड टेस्ट करण्यात अर्थ नाही. ती पॉझिटिव्हच येणार, आणि घरात विनाकारण रडारड.

उलट झालं. टेस्ट निगेटिव्ह, तरी डॉक्टरांनी औषध दिलं. का?

अँटीबॉडी तयार व्हायला एक ते तीन आठवडे लागतात. ताप त्याआधीच येऊ शकतो. गोचिडी अंगावर, ताप चढलेला, प्लेटलेट्स घसरलेल्या, अशा वेळी कार्डची एक रेघ कमी आली म्हणून थांबणं धोक्याचं. काचपट्टीवर मोनोसाइटमध्ये एर्लिकियाचे पुंजके दिसले तर उत्तमच, पण ते थोड्याच कुत्र्यांत आणि सुरुवातीच्या दिवसांतच दिसतात. बाबेसिया मात्र कानाच्या टोकाच्या रक्तातून केलेल्या काचपट्टीवर बऱ्याचदा सापडतो. पीसीआरसाठीचं रक्त औषध सुरू होण्याआधीच काढायला हवं.

दोन दिवसांत ताप गेला. मग २८ दिवस गोळ्या कशाला?

डॉक्सीसायक्लिननं ताप बहुधा २४ ते ४८ तासांत उतरतो, आणि पालक पाचव्या दिवशी गोळ्या थांबवतात. तेव्हा रक्तातले जंतू कमी झालेले असतात, प्लीहेतले नाही. डॉक्सीसायक्लिन जिवाणूची वाढ रोखतं. उरलेला सफाया कुत्र्याच्याच पेशींना करायचा असतो आणि त्याला वेळ लागतो.

गोळी कोरडी घशात ढकलू नका, ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो. थोड्या भातात किंवा मांसाच्या तुकड्यात द्या, मागोमाग पाणी. दुधातून मात्र नको, त्यातल्या कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं.

स्टेरॉइडची मला भीती वाटते. डॉक्टरांनी दिलंय, देऊ का?

भीती रास्त आहे, पण सरसकट नकारही बरोबर नाही. शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी किंवा प्लेटलेट्स वेगानं फोडत असेल, तर जंतूवरच्या औषधाबरोबर थोड्या दिवसांसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं जातं, आणि त्यानं जीव वाचू शकतो. रक्ताचा थेंब काचपट्टीवर सलाइनमध्ये मिसळूनही तांबड्या पेशींच्या गुठळ्या सुटत नसतील, किंवा तांबड्या पेशींवर चिकटलेल्या अँटीबॉडी शोधणारी कूम्ब्स टेस्ट पॉझिटिव्ह असेल, तर त्या निर्णयाला आधार मिळतो.

चूक होते ती दुसरीकडे. निदान न करता नुसत्या तापावर स्टेरॉइडचं इंजेक्शन मारलं की कुत्रा संध्याकाळी जेवतो, घरचे खूश होतात, आणि जंतूवर अंकुश ठेवणाऱ्या टी-पेशी नेमक्या त्याच वेळी दबतात. शरीरात दबून असलेला बाबेसिया स्टेरॉइडनंतर उसळी मारतो, हे नेहमी दिसतं. तुम्ही विचारायचं ते असं: कशासाठी, किती दिवस, आणि कमी कसं करत आणायचं? सुरू केल्यावर मनानं एकदम बंद करू नका.

लघवी कॉफीसारखी दिसते आहे.

वाचणं थांबवा आणि दवाखान्यात जा. तांबड्या पेशी फुटून त्यांचा रंग लघवीत उतरतो आहे. बाबेसियाची शक्यता मोठी. त्यात परजीवी जेवढ्या पेशी फोडतो, त्याहून जास्त पेशी कुत्र्याची प्रतिकारयंत्रणा फोडते. परजीवी नसलेल्या निर्दोष पेशीही त्यात जातात. म्हणून काचपट्टीवर परजीवी मोजकेच आणि हिमोग्लोबिन मात्र तळाला, असं विचित्र चित्र दिसतं.

एकदा होऊन गेला, आता तरी परत होणार नाही ना?

होऊ शकतो. एर्लिकियातून बऱ्या झालेल्या कुत्र्याला नवी गोचीड चावली तर नवा संसर्ग होतो. बाबेसिया गिब्सोनीचं आणखी वेगळं आहे. औषधानंतरही तो अनेकदा पूर्ण जात नाही. थोडे परजीवी राहतात, शरीर त्यांना आटोक्यात ठेवतं, आणि ते आहेत तोवर काही प्रमाणात संरक्षणही मिळतं. हा समझोता प्लीहेच्या जोरावर चालतो. प्लीहा काढलेल्या कुत्र्यात बाबेसिया फार तीव्र होतो.

दुसरा मुद्दा गोचिडीचा. तिच्या लाळेत वेदना, रक्त गोठणं आणि त्या जागचा प्रतिकार दडपणारी द्रव्यं असतात. प्रयोगात गिनीपिगना या तपकिरी गोचिडी पुन्हा पुन्हा चावू दिल्या, तर त्यांच्यात प्रतिकार तयार होतो आणि गोचिडींना नीट रक्त पिता येत नाही. कुत्र्यात असा प्रतिकार तयार होत नाही. शंभर वेळा चावली तरी एकशे एकावी तितक्याच आरामात पिते. ही गोचीड कुत्र्याच्या अंगाला सरावलेली आहे.

आमचा जर्मन शेफर्ड आहे. त्याला धोका जास्त असतो म्हणतात.

हो, एर्लिकियाबाबत हे खरं आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाममधले अमेरिकी लष्कराचे जर्मन शेफर्ड या आजारानं मोठ्या संख्येनं दगावले आणि तेव्हाच जगाचं या जंतूकडे नीट लक्ष गेलं. पुढे बीगल आणि जर्मन शेफर्ड यांची तुलना झाली, तेव्हा शेफर्डची पेशींची प्रतिकारबाजू कमी पडते असं दिसलं. नाशिकमध्ये ही जात हौसेनं पाळली जाते. देवळालीपासून गंगापूर रोडपर्यंतच्या शेफर्डवाल्यांना आमचा एकच आग्रह आहे: गोचीडनाशक बारा महिने, आणि वर्षातून एकदा सीबीसी.

मग गावठी कुत्र्यांना काही कसं होत नाही?

होतं. पंचवटीतल्या किंवा घाटावरच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत जे लहानपणी यातून तगले, तेच आपल्याला दिसतात. जी पिल्लं गेली ती कोणी मोजत नाही. तगलेल्यांपैकी अनेकांच्या रक्तात जंतू छुपे असतात. गावठी कुत्रा दत्तक घेताना एक सीबीसी आणि काचपट्टी करून घ्या.

लस आहे का?

एर्लिकियाची बाजारात लस नाही. युरोपात बाबेसिया कॅनिसवर लस निघाली, पण आपल्याकडच्या गिब्सोनीवर तिचा उपयोग नाही. जो जंतू पेशीत लपतो आणि आपली वरची प्रथिनं बदलत राहतो, त्याची लस करणं अवघडच. वर्षाची नेहमीची लस, म्हणजे सात-इन-वन आणि रेबीजची, ताप असताना टोचू नये. बरा झाल्यावर डॉक्टरांना विचारून पुढची तारीख घ्या.

नाशिकच्या थंडीत गोचिडी मरतात ना? डिसेंबरात औषध थांबवतो.

निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, पण तुमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यामागे निफाड नाही. ही गोचीड घरात राहणारी आहे. तिचं बहुतेक आयुष्य कुत्र्याच्या अंगाबाहेर जातं: भिंतीच्या फटी, पडद्याची वरची पट्टी, जुन्या वाड्याच्या दगडी जोत्यातले सांधे. मादी हजारांच्या घरात अंडी घालते, आणि मोठी झालेली गोचीड उपाशी कित्येक महिने काढते. थंडीत तिचा वेग मंदावतो, वंश संपत नाही. मार्चमध्ये ऊन तापलं की सगळ्या एकदम बाहेर.

कोणतं गोचीडनाशक द्यावं? शेतातली फवारणी चालेल का?

शेतातलं कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर मारू नका. द्राक्षबागांच्या पट्ट्यात हे अजूनही होतं. कुत्रा ते अंग चाटून पोटात घेतो, आणि मग लाळ, थरथर, झटके घेऊन रात्री दवाखान्यात येतो. गुरांचं औषध अंदाजानं पातळ करून लावणंही तसंच. गोचिडींसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन हा भरवशाचा उपाय नाही, आणि कॉली जातीच्या कुत्र्यांत ते जिवावर बेतू शकतं.

आता तोंडावाटे देण्याच्या गोळ्या मिळतात. फ्ल्युरालेनरची एक गोळी साधारण १२ आठवडे टिकते, ॲफॉक्सोलेनर आणि सॅरोलेनर महिनाभर. फिट्स येणाऱ्या कुत्र्याबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. या गोळ्या गोचीड चावल्यावर तिला मारतात. बाबेसिया पोचायला साधारण दोन दिवस चिकटून राहावं लागतं, त्यामुळे तिथे त्या चांगल्या पडतात. एर्लिकिया मात्र काही तासांतच उतरू शकतो. म्हणून जास्त गोचिडींच्या भागात गोळीबरोबर गोचीड दूर ठेवणारा पट्टाही सुचवतो. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं काहीही आणू नका, मांजराला ते विष आहे.

अंगावरची गोचीड चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, काडी नको, बोटांनी चिरडणं नको.

जंतांचा याच्याशी काही संबंध?

आहे. जंतांविरुद्ध शरीर वेगळ्या पद्धतीनं लढतं: आयजीई अँटीबॉडी, इओसिनोफिल पेशी, आतड्यातला चिकट स्राव. सीबीसीत इओसिनोफिल वाढलेले दिसले तर जंत किंवा पिसवांची शंका येते. हुकवर्म रक्त पितात. गोचीड तापानं हिमोग्लोबिन आधीच घसरलेल्या पिल्लाला ते परवडत नाही. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच मिळतात, कारण आईच्या स्नायूंत झोपलेल्या अळ्या गाभणपणात जाग्या होतात. म्हणून पिल्लाचं पहिलं जंतनाशक दोन आठवड्यांच्या वयाला, मग दर दोन आठवड्यांनी, दूध सुटेपर्यंत.

कुत्रा गोठ्यापाशी असतो. ताप येतो-जातो आणि डोळा निळा झालाय.

सर्रा डोक्यात ठेवा. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा परजीवी गुराढोरांचं रक्त पिणाऱ्या माश्यांतून येतो, आणि आजारी जनावराचं कच्चं मांस खाल्ल्यानंही. तो आपलं वरचं आवरण बदलत राहतो. शरीर एका आवरणावर अँटीबॉडी बनवेपर्यंत दुसरं तयार, म्हणून ताप लाटांसारखा येतो. डॉक्सीसायक्लिननं हा जाणार नाही. ताप चढलेला असतानाच काचपट्टी करा.

माझ्या कुत्र्यापासून घरातल्यांना होईल का?

कुत्र्याला कुरवाळून किंवा त्यानं चाटून एर्लिकिया किंवा बाबेसिया होत नाही. पण हीच गोचीड माणसालाही कधी चावते आणि टिक टायफस देऊ शकते. घरात गोचिडी असताना कोणाला ताप आणि पुरळ आलं, तर आपल्या डॉक्टरांना गोचिडींबद्दल सांगा.

रक्त चढवायला सांगितलंय. दुसऱ्या कुत्र्याचं रक्त शरीर स्वीकारतं का?

पहिल्यांदा सहसा स्वीकारतं. परक्या रक्तगटाविरुद्ध जोरदार अँटीबॉडी कुत्र्यात जन्मतः नसतात. पण पहिल्या रक्तानंतर काही दिवसांत त्या तयार होतात, म्हणून दुसऱ्या वेळी क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का याची तपासणी, केल्याशिवाय रक्त देऊ नये. आधी कधी रक्त चढवलं असेल, अगदी दोन वर्षांपूर्वी, तरी ते सांगाच. आणि ज्या आजारात शरीर पेशी फोडत सुटलंय, तिथे चढवलेलं रक्तही फुटू शकतं. ते काही दिवस मिळवून देतं, तेवढ्यात औषधानं काम करायचं असतं.

दाता शेजाऱ्यांचा कुत्रा असेल तर धष्टपुष्ट दिसतो एवढं पुरे नाही. त्याची एर्लिकिया आणि बाबेसियाची तपासणी हवी, कारण छुपा संसर्ग रक्ताच्या पिशवीतून सरळ पोचतो. आणि तुमचा कुत्रा यातून बरा झाला तरी पुढे त्याला दाता म्हणून नेऊ नका.